सोनपाठी सुतार ओळखताना

शाळेच्या आवारातल्या झाडावर ठक्ठक् आवाज येतो. खोडाला शेपटीचा टेकू देऊन बसलेला, सोनेरी पाठीचा आणि लाल तुऱ्याचा पक्षी दिसतो. मुले वहीत लिहितात, ‘सुतार पक्षी’. ही नोंद चूक नाही, पण अपुरी आहे. गोव्यापासून दक्षिणेकडच्या सह्याद्रीत सोनेरी पाठीचे तीन सुतार आढळतात. पाठ पाहून ते वेगळे करता येत नाहीत. म्हणून आम्ही मुलांना निरीक्षणाचा क्रम ठरवून देतो.

प्रथम कंबर, म्हणजे शेपटीच्या वरचा भाग पाहावा. तो काळा असेल तर पक्षी काळ्या कमरेचा सोनपाठी. त्याचा गळाही काळा असून त्यावर पांढरे ठिपके असतात. गावात, शेतात, नारळीच्या बागेत बहुधा हाच दिसतो.

कंबर लाल असेल तर नजर चेहऱ्याकडे वळवावी. चोचीपासून मागे जाणारी काळी ‘मिशी’ एकच व जाड, मानेची मागची बाजू काळी, डोळा गडद आणि चोच आखूड असेल, तर तो तीन बोटांचा सोनपाठी. मिशी दुहेरी व मध्ये पांढरी जागा, मानेची मागची बाजू पांढरी, डोळा फिकट आणि चोच लांब असेल, तर तो मोठा सोनपाठी. बोटे मोजण्याच्या भरीस पडू नये. खोडावरच्या पक्ष्याची बोटे क्वचितच नीट दिसतात.

तुऱ्याच्या रंगावरून जात ठरवू नये. तिन्ही जातींत नराचा तुरा लाल असतो. मोठ्या सोनपाठीच्या मादीच्या काळ्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, तर तीन बोटांच्या मादीच्या डोक्यावर पांढऱ्या रेघा.

गंमत म्हणजे हे तिघे सख्खे भाऊ नाहीत. पहिला व दुसरा डायनोपियम या प्रजातीतले, तर मोठा सोनपाठी क्रायसोकोलॅप्टेस या प्रजातीतला. डीएनएच्या अभ्यासानुसार त्याचे जवळचे नाते अमेरिकेतल्या कॅम्पेफिलस सुतारांशी आहे. रूपसाम्य म्हणजे नाते नव्हे, हे वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण कोणते?

मोठा सोनपाठी जंगलातला पक्षी आहे. गावातल्या सुताराची नोंद त्याच्या नावावर झाली, तर परिसराविषयीचा आपला निष्कर्षच चुकेल. खात्री नसेल तेव्हा मुलांनी ‘सोनपाठी सुतार, जात अनिश्चित’ असे लिहावे आणि काय दिसले, काय दिसले नाही, तेही शेजारी नोंदवावे.