शस्त्रक्रियेपूर्वीचा रक्तक्षय

हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे लोहयुक्त प्रथिन, गर्भवतीमध्ये डेसिलिटरमागे ११ ग्रॅमपेक्षा आणि इतर प्रौढ स्त्रियांमध्ये १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना तो आहे. सिझेरियनमध्ये किंवा गर्भाशय काढताना होणारा रक्तस्राव निरोगी स्त्री सहसा सोसते, परंतु रक्तक्षय असलेल्या स्त्रीला तोच जीवघेणा ठरू शकतो. रक्ताच्या एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढते, तरी प्रतिक्रियेचा व संसर्गाचा थोडा धोका उरतोच. म्हणून नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे लोहाच्या गोळ्या, आणि वेळ अपुरा असल्यास शिरेतून लोह देऊन ही उणीव भरून काढणे अधिक श्रेयस्कर ठरते.