आडवी बाटली आणि बायांचं मत

मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात. एक उभी बाटली, एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दारूचं दुकान राहू द्या, आडवीवर शिक्का म्हणजे बंद करा. महाराष्ट्रात 2008 च्या सरकारी आदेशानं ही सोय झाली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, तर दुकानाचा फैसला गुप्त मतदानानं होतो.

मेख पुढं आहे. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीत नाव असलेल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी बाटली निवडावी लागते. म्हणजे गावात 400 महिला मतदार असतील, तर किमान 201 जणींना घरातून निघून केंद्रापर्यंत यावं लागतं. माहेरी गेलेली, बाळंतीण, नवऱ्यानं दाराशी अडवलेली, अशी न आलेली प्रत्येक बाई नकळत उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. आमदार निवडायलाही इतकी कडक अट नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात बायांची ताकद एकवटण्याचं काम ज्यांनी वर्षानुवर्षं केलं, त्यांत ॲड. पारोमिता गोस्वामी यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकलेल्या पारोमिताताई मूल-सावलीच्या भागात आल्या आणि 1999 मध्ये त्यांच्या पुढाकारानं ‘श्रमिक एल्गार’ ही संघटना उभी राहिली. सुरुवातीचे प्रश्न होते आदिवासींच्या जमिनीचे, मजुरीचे, रोजगार हमीचे. पण बैठक कशाचीही असो, बायांचं बोलणं फिरून दारूवर यायचं. ते साहजिकच होतं. झाडीपट्टीत धानाच्या रोवणीचे दिवस म्हणजे दिवसभर चिखलात वाकून काम. त्या मजुरीचे पैसे संध्याकाळी गावच्या दारूभट्टीवर जाणार असतील, तर मजुरी वाढवून घेतल्याचा बाईला काय फायदा?

दारूविरोध आणि मताचा हक्क यांची गाठ जुनी आहे. 1893 मध्ये न्यूझीलंडच्या स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला, तो केट शेपर्ड यांनी दारूविरोधी ख्रिस्ती महिला संघटनेच्या बळावर चालवलेल्या चळवळीमुळं. दारूवर कायदा हवा तर कायदा करणारे निवडण्याचा हक्क हवा, इतका सरळ त्यांचा हिशेब होता. आपल्याकडं मुंबई इलाख्यानं 1921 मध्ये स्त्रियांना मत दिलं. चंद्रपूर, म्हणजे तेव्हाचा चांदा जिल्हा, मध्य प्रांतात होता. तिथं हा हक्क यायला 1927 उजाडलं, आणि तोही मिळकतीच्या अटीमुळं मूठभर बायांपुरता. पुढच्याच वर्षी अनसूयाबाई काळे त्या प्रांताच्या विधिमंडळात गेल्या. 1942 मध्ये याच जिल्ह्यातल्या चिमूरच्या उठावानंतर फौजेनं गावातल्या बायांवर अत्याचार केले, तेव्हा त्याच अनसूयाबाई चिमूरला पोचल्या, आणि फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून पुढं झटत राहिल्या.

त्याच चिमूरमधून डिसेंबर 2010 मध्ये पारोमिताताई आणि हजारो बाया नागपूरकडं पायी निघाल्या. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. शंभरेक किलोमीटरची वाट, थंडीचे दिवस, आणि मागणी एकच: जिल्ह्यात दारूबंदी करा. सरकारनं पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी बंदीच्या बाजूनं ठराव दिले. 2012 मध्ये समितीनंही बंदीची शिफारस केली. तरी निर्णय होईना. मोर्चे, सत्याग्रह, जेलभरो चालूच राहिले.

अखेर सरकार बदललं. सुधीर मुनगंटीवार अर्थमंत्री झाले, जानेवारी 2015 मध्ये मंत्रिमंडळानं निर्णय घेतला आणि 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. शेजारच्या वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत ती आधीपासूनच होती.

गडचिरोलीची कथा वेगळी, आणि माझ्या मते जास्त शिकवणारी. तिथं मोहफूल आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे टोपल्या घेऊन बाया झाडाखाली जातात, गळालेली फुलं वेचतात, अंगणात वाळवतात. ती खाल्ली जातात, विकली जातात, त्यांची दारूही गाळली जाते, आणि गोंड-माडियांच्या देवकार्यात तिला मान असतो. म्हणून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं आणि गावोगावच्या लोकांनी परवान्याची दुकानं आणि दारूचा धंदा यांच्याविरुद्ध 1987-88 पासून गावसभांतून मत घडवलं. 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. पण ‘कायदा झाला, काम संपलं’ असं कुणी मानलं नाही. 2016 पासून तिथं ‘मुक्तिपथ’ हे अभियान सरकारच्या साथीनं चालू आहे.

चंद्रपुरात असं पाठबळ उभं राहिलं नाही. चोरटी दारू आली, पोलिसांवर ताण पडला, महसूल बुडाल्याची ओरड झाली. 2019 मध्ये पारोमिताताई ब्रह्मपुरीतून विधानसभेला उभ्या राहिल्या आणि हरल्या. तिथून निवडून आलेले विजय वडेट्टीवार पालकमंत्री झाले आणि बंदी उठवण्यासाठी त्यांनीच पुढाकार घेतला. सरकारी समितीचा अहवाल आला आणि मे 2021 मध्ये मंत्रिमंडळानं बंदी मागं घेतली. अंमलबजावणीत त्रुटी होत्या, हे खरंच. पण त्या दुरुस्त करण्याऐवजी बंदीच उठवणं हा अन्याय झाला असं मला ठामपणे वाटतं. एका वॉर्डातलं एक दुकान बंद करायला यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांचं मत लागतं. अख्ख्या जिल्ह्यात दुकानं पुन्हा उघडताना मात्र एकाही बाईला मतपत्रिका मिळाली नाही.

आडव्या बाटलीचा रस्ता आजही खुला आहे. आपल्या गावात किंवा वॉर्डात दुकान नको असेल, तर मतदार यादी मिळवा, बायांची नावं मोजा, त्यातल्या 25 टक्के जणींच्या सह्या घ्या आणि अर्ज राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या जिल्हा कार्यालयात द्या. मतदानाच्या दिवशी मात्र प्रत्येक घराचं दार ठोठावा. त्या दिवशी घरी राहिलेली एक बाईही महागात पडते.