इंजिनाचा श्वास आणि तेलाचा डबा

उसाच्या हंगामांत दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टराच्या पंपाचें डिझेल वाढवून घेण्याची, व जमल्यास मूळच्या साध्या इंजिनावर टर्बो बसवून घेण्याची चाल आतां रुळली आहे. ती इष्ट कीं अनिष्ट हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. नोंदीव वाहनाच्या मूळ रचनेंत फेरफार करण्यास कायद्यानें मर्यादा घातल्या आहेत, एवढें मात्र मालकांनीं ध्यानांत ठेवावें. अशा इंजिनांबद्दलची तक्रार बहुधा एकच असते : ताकद वाढली, पण जागोजाग तेल पाझरूं लागलें. मिस्त्री सील बदलतो, महिन्याभरांत तें पुन्हां गळतें. पुष्कळदां दोष सिलाचा नसतोच. इंजिनास श्वास सोडावयास पुरेशी वाट उरलेली नसते, आणि कोंडलेली हवा तेलास ढकलीत सर्वांत दुबळ्या सांध्यांतून बाहेर पडते.

दट्ट्याच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी सिलिंडरांतील वायूचा थोडा अंश त्यांच्या फटींतून खालीं क्रँककेसमध्यें उतरतोच. त्याबरोबर काजळी, न जळलेलें इंधन, आम्लें व वाफ येतात. एक लिटर डिझेल जळलें म्हणजे सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें तयार होतें, हें अनेकांस खरें वाटणार नाहीं. पण डिझेलमधील हायड्रोजन व हवेंतील प्राणवायु यांच्या संयोगाचा तो सरळ हिशेब आहे. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते, थोडी खालीं उतरते. इंजिन रोज दहा-पंधरा मिनिटेंच चालविलें तर ती बाहेर पडण्याइतकी उष्णता होत नाहीं, व तेल ओतण्याच्या तोंडाच्या झांकणाखालीं लोण्यासारखा पिवळट लगदा सांपडतो. असा लगदा दिसतांच हेडची पॅकिंग गेली म्हणून इंजिन खोलूं नये. रेडिएटरचें पाणी कमी होत असेल व डिपस्टिकवरील तेल चढत असेल तरच ती शंका घ्यावी.

श्वासाचें महत्त्व पाहावयाचें तर विहिरीवरील जुन्या संथ गतीच्या एकसिलिंडरी इंजिनाइतकें चांगलें उदाहरण नाहीं. हीं इंजिनें इंग्लंडांतील लिस्टर कारखान्याच्या घाटाचीं. राजकोटकडे त्याच घाटाचीं पुष्कळ बनलीं. मूळच्या सहा अश्वशक्तीच्या इंजिनाचा दट्ट्या साडेचार इंच व्यासाचा, चाल साडेपांच इंचांची व फेरे मिनिटास ६५०. म्हणजे दट्ट्या खालीं येतांना पेटींतील सुमारें १.४ लिटर जागा व्यापतो, आणि हें मिनिटास ६५० वेळां घडतें. म्हणून त्याच्या ब्रीदरमध्यें पातळ चकतीची एकमार्गी झडप असते. दट्ट्या खालीं आला कीं हवा बाहेर जाते; वर गेला कीं चकती बसते व आंत किंचित् ओढ निर्माण होते. ही ओढ असेतोंवर दांड्याच्या तोंडाशीं तेल गळत नाहीं. चकती वांकडी झाली किंवा तिच्याखालीं मळ बसला कीं गळती सुरू होते, आणि मळणीच्या दिवसांत धूळही आंत ओढली जाते. ब्रीदरपुढें कागदाची चिठ्ठी धरावी. ती बाहेर फडफडली पाहिजे, आंत खेंचली जातां कामा नये. चकती रॉकेलनें धुवून बसविण्याचें हें काम पांच मिनिटांचें आहे. चारसिलिंडरी इंजिनांत दोन दट्टे चढतात तेव्हां दोन उतरतात. त्यामुळें तेथें ही उचक फार कमी, व प्रश्न मुख्यतः रिंगांतून उतरणाऱ्या वायूचाच राहतो.

मोटारींत हा वायु पूर्वी एका नळीनें खुशाल रस्त्यावर सोडीत. कॅलिफोर्नियांत धुरक्याचा उपद्रव वाढल्यावर तेथील १९६१ सालच्या नव्या गाड्यांपासून तो पुन्हां इंजिनाच्या हवेच्या वाटेंत नेण्याची पद्धत पडली. टर्बो असलेल्या डिझेल इंजिनांतही आतां बहुधा हीच रचना असते. पण वायूबरोबर तेलाचे सूक्ष्म कण हवेच्या वाटेंत जातात, नळ्या व इंटरकूलर तेलकट होतात. म्हणून मध्यें तेल वेगळें करणारा डबा बसवितात, त्यास कारागीर ‘कॅच कॅन’ म्हणतात.

इंजिनाची ताकद वाढविली कीं सिलिंडरांतील दाब वाढतो, आणि रिंगांतून उतरणारा वायूही वाढतो. टर्बोच्या बेअरिंगांतून तेलाबरोबर येणाऱ्या वायूची त्यांत भर पडते. ब्रीदरची नळी मात्र मूळच्याच जाडीची राहते. सर्व अनर्थाचें मूळ बहुधा येथें असतें.

आमच्याच ट्रॅक्टराची गोष्ट सांगतों. टर्बो बसविणाऱ्या मिस्त्र्यानें ब्रीदरच्या वाटेंत एक प्लास्टिकचा डबा बांधला. त्यांत चिंध्या कोंबल्या, तळास तोटी ठेवली नाहीं, व बाहेरची नळी टर्बोच्या तोंडाशीं जोडली. डबा केव्हां रिकामा करावयाचा हें कोणी सांगितलें नाहीं, आम्हींही विचारलें नाहीं. हंगामाच्या मध्यांत एके दिवशीं चढावर तो तुडुंब भरलेला डबा एकदम ओढला गेला. डिझेल इंजिनास वंगणतेलही जळावयास चालतें. डिझेल बंद केलें तरी इंजिन थांबेना. फेरे वाढतच गेले. ड्रायव्हरनें प्रसंगावधान राखून एअर क्लीनरची नळी उपसली आणि हवेच्या तोंडावर लांकडी फळी दाबून धरली, तेव्हां तें गुदमरून बंद पडलें. एक कनेक्टिंग रॉड वांकला होता. अशा वेळीं हात किंवा फडकें तोंडावर कधींही धरूं नये. दोन्ही आंत ओढलीं जातात.

यावरून डबा कसा असावा हें समजेल. तो धातूचा, आंत आडव्या पडद्यांचा असावा, म्हणजे वायु वळणें घेत जाऊन तेलाचे थेंब पडद्यांस चिकटतील. जाळी घालावयाची तर जाड स्टेनलेस तारेची व पक्की बसविलेली. भांडीं घांसण्याची तारेची चोथरी नको, तिचे तुकडे टर्बोंत जातात. नळ्या मूळच्या ब्रीदरहून बारीक नसाव्यात, तेलानें न फुगणाऱ्या रबराच्या असाव्यात, आणि त्यांस मध्यें झोळ नसावा. झोळांत पाणी सांचून वाट बंद होते. सायलेन्सरपासून दूर, थंड जागीं डबा बसवावा व तळास तोटी ठेवावी.

दोष शोधतांना प्रथम तेलाची पातळी पाहावी. खुणेवर तेल भरलें असेल तर क्रँकशाफ्ट तें घुसळून धुकें करतो, आणि निष्कारण रिंगांस बोल लागतो. मग एअर क्लीनर. तो तुंबला असेल तर ओढ वाढून पेटींतील तेल हवेच्या वाटेंत खेंचलें जातें. त्यानंतर पारदर्शक नळी यू आकारांत फळीवर बसवून अर्धी पाण्यानें भरावी. तिचें एक तोंड डिपस्टिकच्या नळीस घट्ट जोडावें, दुसरें मोकळें ठेवावें. पीटीओवर ओझें देऊन दोन्ही बाजूंच्या पाण्यांतील फरक इंचांत लिहून घ्यावा. आतां ब्रीदरची बाहेरची नळी काढून पुन्हां मोजावें. फरक उतरला तर अडथळा नळींत वा डब्यांत आहे. न उतरला तर झांकणाखालची जाळी धुवावी, टर्बोची तेल परत येणारी नळी पाहावी. इतक्यानेंही न भागलें तरच काँप्रेशन तपासून रिंगांकडे वळावें. टर्बो बसविण्यापूर्वींचा आंकडा वहींत असेल तर हें काम निम्म्यानें हलकें होतें. आमच्यापाशीं तो नव्हता.

डबा रिंगा दुरुस्त करीत नाहीं, पण त्यांची नाडी सांगतो. दर पन्नास तासांनीं तोटी उघडून किती निघालें तें मापावें. हिंवाळ्यांत पांढरट पाणी अधिक येतें, त्याची भीति नको. काळें तेल महिन्यागणिक वाढत असेल तर मात्र रिंगांची वेळ आली. निघालेलें तेल इंजिनांत परत ओतूं नये. त्यांत पाणी व आम्लें असतात. तें बांधावर किंवा विहिरीजवळही टाकूं नये, डब्यांत सांठवून जुनें तेल घेणाऱ्या अधिकृत व्यापाऱ्यास द्यावें.