सहा दिवस, एक नदी

परदेश प्रवास म्हणजे ‘पंधरा दिवसांत आठ देश’ हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं झालं आहे, की सहा दिवस एकाच नदीच्या काठानं चालत होतो असं म्हटलं की ऐकणारा क्षणभर गप्प होतो. त्यातून ती नदी स्कॉटलंडमधली स्पे, आणि तिचं खोरं व्हिस्कीसाठी जगप्रसिद्ध! मग समोरच्याच्या चेहऱ्यावर एक वेगळंच हसू उमटतं. आमच्या घरात औषधालाही दारू नाही. तरीही गेल्या मे महिन्यात मी आणि आमचे हे त्या मुलखातून शंभरेक किलोमीटर पायी चाललो.

कारण सांगायचं तर घरातली शांतता. हे रेल्वेत, रुळांची देखभाल करणाऱ्या खात्यात होते. छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले आणि घरातलं बोलणंच हळूहळू आटलं. भांडण नव्हतं, तक्रार नव्हती. ‘चहा टाकू का’ आणि ‘गॅसवाला आला होता’ यापलीकडे दिवस सरकत नव्हता. एडिनबरोत नोकरी करणाऱ्या लेकीनं ते फोनवरच ओळखलं. “बाबा, आईबरोबर थोडं चाला,” एवढंच म्हणाली, आणि सगळी आखणी करून मोकळी झाली.

स्कॉटलंडमध्ये लांब पल्ल्याच्या पायवाटा रीतसर आखलेल्या आहेत. त्यातली ‘स्पेसाइड वे’ १९८१ साली सुरू झाली आणि टप्प्याटप्प्यानं वाढत आज समुद्रकाठच्या बकीपासून न्यूटनमोरपर्यंत सुमारे १३७ किलोमीटर झाली आहे. आम्ही अ‍ॅव्हिमोरपर्यंतच जाणार होतो. रोज सतरा-अठरा किलोमीटर! माझे गुडघे अठ्ठावन्न वर्षांचे. तीन महिने आधीपासून नवे बूट घालून रोज सकाळी टेकडी चढले, त्याचा फार उपयोग झाला. मोठं सामान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी गाडीनं पोचवणारे लोक तिथे आहेत. पाठीवर फक्त पाणी, डबा आणि रेनकोट.

पहिल्या दिवशी समुद्र सोडून नदीकाठाला लागलो, तर वाऱ्यावर चक्क ओल्या खोबऱ्याचा वास! शोधलं, तर गॉर्स नावाच्या काटेरी झुडपांची पिवळीधमक फुलं. वाट चुकायची भीती नव्हती. वळणावळणावर काटेरी थिसलच्या फुलाचं चिन्ह असलेले खांब आहेत. शेतांमधून, मेंढ्यांच्या कुरणांतून जाताना कुणी हटकत नाही. २००३ च्या कायद्यानं तिथे बहुतेक मोकळ्या जमिनीवरून जबाबदारीनं चालण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. उघडलेलं फाटक पुन्हा लावून घ्यायचं, एवढं मात्र पाळायचं.

दुसऱ्या दिवशी क्रेगेलाचीला पोचलो. वाटेपासून जरा बाजूला थॉमस टेलफर्डनं बांधलेला ओतीव लोखंडाचा पूल आहे, १८१४ सालचा. १८२९ च्या महापुरातही तो टिकला. हे पुलाखाली उतरून त्याच्या कमानी न्याहाळत अर्धा तास उभे होते. बोलले मात्र काही नाहीत.

बोलले ते तिसऱ्या दिवशी. क्रेगेलाचीपासून बॅलिंडॅलॉकपर्यंतची वाट म्हणजे जुना रेल्वेमार्ग. १८६३ साली ही लाइन सुरू झाली. १९६५ मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, पुढे मालगाड्याही. रूळ निघाले आणि त्या भरावावरून माणसं चालू लागली. “म्हणून इथे तुझे गुडघे दुखत नाहीत,” हे एकदम म्हणाले, “आगगाडीला उभा चढ चालत नाही. तो आधीच कुणीतरी कापून ठेवलाय.” मग डोंगर कुठे कापला, माती कुठे भरली, पावसाचं पाणी कसं काढून दिलं, सगळं सांगत गेले. नॉकँडूच्या स्टेशनवर गाडी नाही, पण फलाट आहे. त्याच्या कडेवर बसून आम्ही डबा खाल्ला. घाटातल्या पावसाळी रात्री, हातात कंदील घेऊन केलेली गस्त, दरड कोसळली ती पहाट... तीस वर्षांच्या संसारात यातलं मी काहीच ऐकलं नव्हतं.

या लाइननंच इथल्या भट्ट्यांना हातपाय फुटले. १८६९ साली उभारलेली क्रॅगनमोर डिस्टिलरी तर मुद्दाम रेल्वेजवळच बांधली. धान्य आणि कोळसा गाडीनं यायचा, पिंपं गाडीनं जायची. त्याआधी या डोंगरांत चोरट्या भट्ट्यांचंच राज्य होतं. १८२३ च्या कायद्यानं परवाना घेणं परवडू लागलं. पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनं तो घेतला, तर शेजारचे चोरटे त्याच्यावर इतके चिडले, की जिवासाठी त्याला पिस्तुलं बाळगावी लागली.

एका डिस्टिलरीत आम्ही आत गेलो. सगळी कृती स्वयंपाकघरातली वाटावी अशी! बार्लीला मोड आणायचे, वाळवायची, भरडायची, गरम पाण्यात तिची साखर उतरवायची, मग यीस्टनं आंबवायची. तांब्याच्या उंच मानेच्या भांड्यात दोनदा वाफ करून थंड करायची. पण निघालेलं पाणी व्हिस्की नव्हे. ओकच्या पिंपात निदान तीन वर्षं मुरल्याशिवाय तिला व्हिस्की म्हणायला कायद्यानंच बंदी आहे. बरीच पिंपं दहा-बारा वर्षं, काही त्याहून कितीतरी जास्त पडून राहतात. त्यातलं दरवर्षी साधारण दोन टक्के हवेत उडून जातं. त्याला म्हणतात देवदूतांचा वाटा! त्याच वाफेवर एक काळी बुरशी पोसते. वाटेत गोदामांजवळच्या झाडांचे बुंधे काजळी धरल्यासारखे काळे का, ते तेव्हा उमगलं. ह्यांनी जिभेला लावण्यापुरती चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. मी नुसता वास घेतला. मात्र आज पिंप भरणारा माणूस ते उघडेपर्यंत निवृत्तही झालेला असू शकतो, हे ऐकल्यावर हे बराच वेळ गोदामातल्या पिंपांकडे पाहत राहिले.

चौथा दिवस कसोटीचा. ग्रँटाउनपर्यंत चढउतार, चिखल आणि आषाढासारखा पाऊस. माझा उजवा गुडघा बोलू लागला. भाजी मंडईतसुद्धा दहा पावलं पुढे चालणारे हे त्या दिवशी माझ्या पावलानं चालले. पुढच्या दोन दिवसांत पाइनची जंगलं आली, दूर केर्नगॉर्मच्या माथ्यावर बर्फाचे पट्टे दिसले, आणि बोट ऑफ गार्टनला जुनी वाफेची गाडी हौशी मंडळींनी जिवंत ठेवलेली दिसली. हे त्या मंडळींशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत तासभर गप्पा मारत होते.

बसमधून आपण ठिकाणं पाहतो. चालताना दोन ठिकाणांमधलं सगळं दिसतं. आमच्या बाबतीत तर त्या मधल्या जागेतच बोलणं अडकून पडलं होतं. त्यासाठी प्रत्येकानं स्कॉटलंड गाठायला हवं असं नाही. आपल्याकडेही नद्या आहेत, घाट आहेत, जुन्या वाटा आहेत. फक्त दोघांनी एकाच पावलानं, घाई न करता चार दिवस चालायला हवं. पहिल्या दोन दिवसांत कुणी काही बोललं नाही, तरी घाबरू नये. मुरायला वेळ लागतोच.