बंद दिवा म्हणजे लाल दिवा



आपल्या गावात रस्त्यावरचा सिग्नल नाही. आपल्याकडे कर्जत-खोपोली रेल्वेचे फाटक आहे आणि रेल्वेचा सिग्नल आहे. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे चला, हे आपण पहिलीतच शिकलो. पण एकही दिवा लागला नसेल तर काय करायचे? ते मला दिवाळीच्या सुट्टीत समजले. तेच या लेखात सांगतो.

सुट्टीत आजीचे डोळे दाखवायला आई, आजी आणि मी शहरात गेलो होतो. दवाखाना रस्त्याच्या पलीकडे होता. चौकात सिग्नल होता, पण तिन्ही दिवे बंद. पोलीसही नव्हता. आम्ही पांढऱ्या पट्ट्यांपाशी उभे राहिलो. आजी म्हणाली, "बत्तीच नाय, तर मग कवा जायचं?" पुष्कळ वेळ कोणी थांबेना. शेवटी आईने तिचा हात धरला आणि आम्ही निघालो. अर्ध्यावर गेलो तर एक मोटारसायकल इतक्या जवळून गेली की आजीच्या हातातली काठी पडली. आजी मधेच उभी राहिली. तिला पुढेही जाता येईना नि मागेही येता येईना. मला रडू आले. तेवढ्यात एका बसच्या ड्रायव्हरकाकांनी बस थांबवली आणि खिडकीतून हात काढून मागच्या गाड्यांना थोपवले. मग आम्ही काठी उचलली आणि पलीकडे गेलो.

माझे काका रेल्वेत गँगमन आहेत. रात्री मी त्यांना विचारले, "काका, रेल्वेचा सिग्नल बिघडला तर काय होतं?" काका म्हणाले, "बिघडला तर तो लाल होतो. तशीच रचना केलेली असते."

मग त्यांनी सगळे समजावून सांगितले. पूर्वी सिग्नलच्या खांबाला एक लांब हात असे. हात आडवा म्हणजे थांबा, खाली झुकला म्हणजे चला. केबिनमधला माणूस तार ओढून हात खाली आणी. तार तुटली तर वजनामुळे हात आपोआप आडवा होई, म्हणजे गाडी थांबे. आता रंगीत दिवे आहेत. पुष्कळ ठिकाणी रुळांतून थोडीशी वीज सोडलेली असते. गाडी आली की तिच्या चाकांमुळे ती वीज मधूनच परत फिरते, पुढे पोचत नाही, आणि मागचा सिग्नल लाल होतो. वीज गेली किंवा तार तुटली तरी ती पुढे पोचत नाही. म्हणजे सिग्नल लालच. आणि दिवाच विझला असेल तर? तरी ड्रायव्हरने तो लालच समजायचा, असा रेल्वेचा नियम आहे.

गुरुजींनी सांगितले की रस्त्यावरचा सिग्नल हा रेल्वेकडूनच आलेला आहे. 1868 साली लंडन शहरात एका रेल्वे इंजिनिअरने पहिला सिग्नल उभा केला. त्यात गॅसचे लाल व हिरवे दिवे होते आणि पोलीस ते हाताने फिरवीत असे. 1869 साली गॅसमुळे त्याचा स्फोट झाला आणि पोलीस जखमी झाला. म्हणजे सिग्नल बिघडणे हे पहिल्या सिग्नलपासूनच चालू आहे!

आजच्या सिग्नलला एक पेटी असते. दोन्हीकडे एकदम हिरवा लागू नये म्हणून ती लक्ष ठेवते. बिघाड झाला तर दिवे लुकलुकू लागतात. लाल लुकलुकला तर थांबून, पाहून मग जायचे. पिवळा लुकलुकला तर हळू आणि जपून जायचे. पण वीजच गेली तर पेटी तरी काय करणार? तेव्हा माणसांनीच रेल्वेसारखे वागायला हवे. बंद दिवा म्हणजे लाल दिवा.

हे किती महत्त्वाचे आहे, त्याचे आम्ही गणित केले. मैदानावर 14 मीटरचा रस्ता आखला. मला तो चालायला 12 सेकंद लागले. आजीला काठी घेऊन 24 सेकंद लागले. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका मिनिटात 1000 मीटर जाते, म्हणजे 24 सेकंदांत 400 मीटर. आपल्या शाळेपासून मारुतीचे देऊळ तेवढे आहे. आजी निघाली तेव्हा देवळापाशी असलेली गाडी, ती पलीकडे पोचायच्या आत तिच्यापर्यंत येते!

म्हणून हे लक्षात ठेवा :
1. दिवा बंद असला तरी पांढरे पट्टे असतातच. तिथूनच जावे. सिग्नल नसलेल्या पट्ट्यांवर माणसे असतील तर गाडी थांबवावी, असे 2017 च्या वाहन चालवण्याच्या नियमांत आहे.
2. आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहावे. हिरवा दिवा लागला तरी पाहावे.
3. हात वर करावा. गाडी खरीच थांबली की मग निघावे. धावू नये.
4. म्हाताऱ्या माणसांना व लहान मुलांना मधे घेऊन सर्वांनी मिळून जावे.
5. बंद सिग्नल दिसला तर पोलिसांना कळवावे.

पालकांना एक विनंती आहे. आपल्यातले काहीजण बंद फाटकाखालून वाकून जातात. काका सांगतात, सिग्नलला जोडलेले फाटक बंद झाल्याशिवाय गाडीला हिरवा दिवा मिळतच नाही. म्हणजे फाटक बंद असेल तर गाडी येत असेल. मग वाकून कशाला जायचे? तुम्ही वाकलात की आम्हीही वाकतो.

आणि ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे त्यांनी बंद सिग्नलपाशी थांबावे. समोर कोणाची तरी आजी उभी असेल.

— इयत्ता चौथी