भट्टीपाशी शिकवणार कोण?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीमालकांशी बोलायला बसलं, की पहिली तक्रार माणसांची असते. मोल्डर मिळत नाही, कोअर शॉपला हात कमी पडतात, फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, तर गावचं पोरगं उभंच राहत नाही. तिकडे शहरातल्या अभ्यासिका पहाटेपासून भरलेल्या असतात. सरकारी भरतीची जाहिरात निघेल या आशेवर मुलं वर्षामागून वर्षं काढतात, आणि त्यांच्या वडिलांनी ज्या भट्टीवर घर उभं केलं तिथे आज बिहार, झारखंड, ओडिशातून आलेले तरुण ठेकेदारामार्फत काम करतात.

याला दोष कुणाला द्यायचा? सुमारे 1400 अंशाला तापलेल्या लोखंडाशेजारी आठ तास उभं राहायचं, वाळूची धूळ छातीत घ्यायची आणि एवढं करून नोकरी ठेकेदाराच्या वहीत, हे कोणत्या आईबापाला आपल्या मुलासाठी हवं असेल? मुलांना कष्ट नकोत, असं मला वाटत नाही. ज्या कष्टातून पुढे काही हाती लागेल अशी खात्री उरलेली नाही, ते कष्ट त्यांना नको आहेत.

पूर्वी ती खात्री होती. यंत्रमहर्षी म्हणून ओळखले जाणारे म्हादबा मिस्त्री आणि ज्यांच्या नावाने औद्योगिक नगर वसलं ते वाय. पी. पोवार यांच्या पिढीने कोल्हापुरात यंत्रविद्या रुजवली. याच गावात बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला होता. हाताने करून बघायचं आणि बघणाऱ्याला शिकवायचं, ही इथली रीतच होती. उद्यमनगरात शाळा सुटलेला मुलगा वाळू चाळण्यापासून सुरुवात करी, मोल्डिंग बॉक्स भरू लागे, मग एखादा मिस्त्री त्याला आपल्या हाताखाली घेई. त्यातल्या काहींनी पुढे स्वतःचं शेड टाकलं. आज जिल्ह्यात 300 च्या आसपास फाउंड्र्या आहेत, त्यांचं मूळ या साखळीत आहे.

1960 च्या दशकात शेतीच्या ऑइल इंजिनांनी या उद्योगाला बळ दिलं. पुढे विहिरीवर वीज पोहोचली, मोटारपंप आले आणि इंजिनांची मागणी ओसरली. तेव्हा कोल्हापूर बसलं नाही. त्याच हातांनी ट्रॅक्टर, ट्रक आणि मोटारींचे सिलिंडर ब्लॉक, हेड, फ्लायव्हील, ब्रेक ड्रम ओतायला घेतले. हा पालट साधला, कारण माल बदलला तरी वाळू, धातू आणि साचा यांची जाण असलेली माणसं जागेवर होती.

तसाच पालट पुन्हा दाराशी आला आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीला सिलिंडर ब्लॉक लागत नाही, हेड लागत नाही. ब्रेकचे आणि अॅक्सलचे भाग राहतील, मोटरची आवरणं बहुतेक अॅल्युमिनियमची असतील. ट्रक-ट्रॅक्टरमध्ये हा बदल सावकाश येईल, पण आपला माल इंजिनावर उभा आहे हे विसरून चालणार नाही.

कारखान्याच्या आतही काम बदललं. कोळशाच्या कुपोलाची जागा बहुतेक ठिकाणी इंडक्शन फर्नेसने घेतली. धातूचं रसायन स्पेक्ट्रोमीटर सांगतो, रस साच्यात कसा पसरेल ते संगणकावर आधी पाहता येतं. मोठ्या कारखान्यांत रोबो आले आहेत. फेटलिंगचं काम यंत्राकडे जात असेल तर मी त्याचं मनापासून स्वागत करीन. त्या धुळीतल्या सिलिकाने फुप्फुसं कायमची निकामी होतात, तिथे माणूस नसलेलाच बरा.

काळजी आहे ती वेगळ्याच ठिकाणी. एखाद्या दिवशी कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूची छिद्रं, येऊ लागतात. वाळूतला ओलावा प्रयोगशाळेत बरोबर निघतो, रसायनही बरोबर असतं, तरी माल रद्द होत राहतो. अशा वेळी मूठभर वाळू दाबून, मोडून, कोअर हुंगून कारण हुडकणारा माणूस लागतो. तो आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. त्याच्या हाताखालचा मुलगा चार-सहा महिन्यांत गावाकडे किंवा दुसऱ्या ठेकेदाराकडे जातो. दर हंगामाला नव्या माणसाला काय म्हणून शिकवायचं, असं मिस्त्रीलाही वाटणारच.

कामाच्या खात्रीच्या या प्रश्नाची दुसरी बाजू, मोबदल्याची, जिल्ह्यातल्याच इचलकरंजीत दिसते. तिथे 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. मजुरी ठरते ती मीटरवर, 52 पिकाचा, म्हणजे इंचात 52 आडव्या धाग्यांच्या कापडाचा, दर धरून. आज गावागावांत मोटारसायकलवरून जेवण आणि पार्सल पोहोचवणाऱ्या मुलांची प्रत्येक ऑर्डरमागची कमाई नवलाची वाटते, पण यंत्रमाग कामगार, कांडीवाले, वहिफणीवाले पिढ्यान्‌पिढ्या कामाच्या मापावर ठरणाऱ्या मोबदल्यावर जगत आले. फरक इतकाच, की त्यांच्या दरासाठी संघटना होती, वाटाघाटीला समोर मालक बसत होता. 2013 साली मजुरीवाढीसाठी तिथले माग दीर्घकाळ बंद राहिले होते. पार्सलवाल्या मुलाचा दर मोबाइलच्या पडद्यावर बदलतो आणि त्याने जाब विचारायचा कुणाला? 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अॅपवाल्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम अशा कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यायची तरतूद आहे. सुरुवात म्हणून ती मोलाची आहे. दर ठरवताना त्या मुलाला बोलायला जागा मात्र त्यातून मिळत नाही.

 

भट्टीसाठी मात्र काही गोष्टी आजच करता येतील. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 2024 पासून बारावी, आयटीआय आणि पदवीधरांना दरमहा अनुक्रमे 6, 8 आणि 10 हजार रुपये विद्यावेतन मिळतं. मूळ मुदत सहा महिन्यांची होती. तेवढ्यात वाळूची ओळख होते, मोल्डिंग येत नाही. आयटीआयचा फाउंड्रीमनचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. त्यापुढची दोन वर्षं कारखान्याने मुलाला करारावर, पण स्वतःच्या पटावर घ्यावं. त्याच सामाजिक सुरक्षा संहितेनुसार मुदतीच्या कामगारालाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, तो झारखंडच्या मुलालाही मिळावा, म्हणजे मुलगा टिकेल. आणि निवृत्त होणाऱ्या मिस्त्रीला आणखी काही वर्षं फक्त शिकवण्यासाठी ठेवून घ्यावं, त्या तासांचा वेगळा पगार द्यावा. रद्द झालेल्या मालाच्या एका ढिगाची किंमत मांडून पाहिली, तर हा खर्च कुठल्याच मालकाला जड वाटू नये.