लंडनचं वार्तापत्र : रांग सोडून जाणाऱ्यांबद्दल

माझं माहेर पुणतांबा. तिथून चुलतभाऊ फोनवर विचारतो, "ताई, तुमच्याकडं दवाखाना फुकट आहे म्हणतेस, मग लोक पैसे भरून ऑपरेशन कशापायी करतात?" इंग्लंडबद्दल मला विचारलेल्या प्रश्नांत हा सर्वांत नेमका प्रश्न आहे. २०२४ च्या निवडणुकीत इथले दोन्ही मोठे नेते याच प्रश्नावर समोरासमोर आले होते.

तारीख होती ४ जून २०२४. तुमच्याकडे त्या दिवशी लोकसभेची मतमोजणी चालली होती. इकडे आयटीव्ही वाहिनीवर पंतप्रधान ऋषी सुनक आणि विरोधी पक्षनेते कीर स्टार्मर यांची चर्चा रंगली होती. घरातलं माणूस शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत अडकलं आणि दुसरा मार्गच उरला नाही, तर खासगी उपचार घ्याल का, असं दोघांना विचारलं गेलं. सुनक हो म्हणाले. स्टार्मर नाही म्हणाले. महिन्याभरात स्टार्मर पंतप्रधान झाले, पण त्या 'नाही'वर लोक कितीतरी दिवस भांडत होते. बायकोमुलांना दुखत असताना तत्त्व कवटाळून बसणारा माणूस निर्दयच, असं काहींचं म्हणणं. ज्याच्या हाती राज्य द्यायचं तो आपल्याच रांगेत उभा असला पाहिजे, असं बाकीच्यांचं.

ही रांग कशी असते ते आधी सांगते. इथली राष्ट्रीय आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. खर्च करातून होतो आणि रुग्णालयात गल्ल्यावर कोणी पैसे मागत नाही. आमच्यासारखे बाहेरून आलेले लोक करही भरतात आणि व्हिसा घेतानाच आरोग्याचा वेगळा अधिभारही भरतात. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आहे. तब्येत बिघडली की आधी आपल्या भागातल्या जीपीकडे, म्हणजे कुटुंबाच्या डॉक्टरकडे जायचं. त्याला वाटलं तर तो तज्ज्ञाकडे चिठ्ठी पाठवतो आणि तिथून दिवस मोजायला सुरुवात होते. अपघात, हृदयविकाराचा झटका, बाळंतपण यांना रांग लावत नाहीत. कॅन्सरची मुदत वेगळी आहे. रांग आहे ती गुडघा, खुबा, मोतीबिंदू, हर्निया अशा दुखण्यांची, ज्यांनी माणूस मरत नाही पण धड जगतही नाही.

शंभरातल्या ९२ रुग्णांवर १८ आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, हा इथला लिखित नियम आहे. २०१६ च्या सुरुवातीपासून तो पाळला गेलेला नाही. कोविडच्या आधी इंग्लंडच्या यादीत सुमारे ४६ लाख नोंदी होत्या, सप्टेंबर २०२३ मध्ये त्या ७७ लाखांवर गेल्या. एकाच माणसाच्या दोन नोंदी असू शकतात, तरीही आकडा छातीवर दडपण आणणारा आहे. खासगीत खुबा बदलायला पंधरा हजार पौंडांच्या आसपास लागतात, आपले सोळा-सतरा लाख रुपये. ज्यांच्याकडे साठवलेले पैसे आहेत ते मोडतात आणि पुढे जातात.

हा दरवाजा पहिल्या दिवसापासून उघडा आहे. सेवा उभारणारे मंत्री अन्युरिन बेव्हन वेल्समधल्या खाणकामगाराचे चिरंजीव. मोठे डॉक्टर सरकारी सेवेत येईनात, तेव्हा बेव्हन यांनी तडजोड केली : खासगी रुग्ण सांभाळा, सरकारी रुग्णालयातल्याच काही खाटा पैसे देणाऱ्यांसाठी ठेवा, पण या. हेच बेव्हन १९५१ मध्ये चष्मे आणि कवळ्यांना पैसे आकारायचं ठरलं म्हणून मंत्रिपद सोडून गेले. पुढे १९७४ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयातल्या कामगारांनी या पैशांच्या खाटांविरुद्ध काम रोखलं. मंत्री बार्बरा कॅसल यांनी पुढाकार घेतला, १९७६ च्या कायद्याने त्या टप्प्याटप्प्याने काढायला सुरुवात झाली आणि मार्गारेट थॅचर यांनी १९८० मध्ये ते काम थांबवलं. मला हव्या त्या दिवशी, हव्या त्या वेळी, हव्या त्या डॉक्टरकडे जाता यावं म्हणून मी खासगी विमा घेते, असं थॅचरबाईंनी १९८७ च्या निवडणुकीत उघडपणे सांगितलं. त्यांचा विचार मला पटत नाही, पण त्यांनी तो लपवला नाही, हे मान्य केलं पाहिजे.

पुढे जाणाऱ्यांची एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. ते म्हणतात, मी माझ्या पैशाने बाहेर पडलो, म्हणजे रांगेतली एक जागा मोकळी झाली. मागच्याचं भलंच झालं ना?

हे पुणतांब्याच्या शेतकऱ्याला लगेच तपासून बघता येईल. पाटपाण्याची शेजपाळी चालू आहे. एकाने स्वतःच्या रानात विहीर खणली आणि आपली पाळी सोडून दिली. शेजाऱ्याला पाणी लवकर मिळालं, कोणाची तक्रार नाही. पण विहीर कालव्याला लागूनच असेल आणि कालव्याच्याच पाझरावर चालत असेल तर? वर रात्रंदिवस मोटर चालली, तर टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, माणसाचं पाणी कुठून कमी होतंय ते त्याला दिसतही नाही. इथली खासगी रुग्णालयं बऱ्याच अंशी अशा विहिरी आहेत. शल्यचिकित्सक तोच, जो सोमवारी ते गुरुवारी एनएचएसमध्ये असतो आणि शुक्रवारी खासगीत. भूलतज्ज्ञही तोच. त्यांच्या शिक्षणाचा बराचसा खर्च झाला तो सरकारी तिजोरीतून. खासगी शस्त्रक्रियेत काही गंभीर बिघडलं, तर रुग्णाला बहुतेक वेळा सरकारी अतिदक्षता विभागातच आणतात, कारण बहुतेक लहान खासगी रुग्णालयांत तशी सोयच नसते. सरकारने खासगी रुग्णालयांकडून विकत घेतलेल्या शस्त्रक्रिया वेगळ्या. तिथे पैसे सरकार भरतं आणि यादीतल्याच माणसाला पाठवतं. त्यावर माझा आक्षेप नाही.

आणखी एक आडवाट आहे आणि आपल्या मराठी घरांत ती फार वापरली जाते. दोन-अडीचशे पौंड भरून तज्ज्ञाला एकदा खासगीत दाखवायचं आणि मग त्याच्याच चिठ्ठीवर सरकारी यादीत जायचं. शस्त्रक्रियेच्या यादीत अशा रुग्णाला इतरांच्या पुढे घ्यायचं नाही, असा नियम आहे. पण तज्ज्ञापर्यंत पोचण्याची जी पहिली लांबलचक वाट, ती तर त्याने ओलांडलेली असते. डॉलिस हिल लेनवरच्या महाराष्ट्र मंडळात, १९३२ पासून चालत आलेल्या त्या संस्थेत, जेवणाच्या पंगतीला असे सल्ले मोकळेपणाने दिले-घेतले जातात. देणारे वाईट नाहीत. खुब्याच्या दुखण्याने रात्र-रात्र जागणाऱ्या माणसाला 'थांबा' म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि तसं मी कोणाला म्हणतही नाही.

कॅनडाने मात्र ते कायद्यानेच म्हटलं. १९८४ च्या तिथल्या आरोग्य कायद्यामुळे आवश्यक उपचारांसाठी रुग्णाकडून वरचे पैसे घेऊ देणाऱ्या प्रांताचं केंद्राचं अनुदान कापलं जातं. व्हँकुव्हरचे डॉ. ब्रायन डे ब्रिटिश कोलंबियातल्या अशाच बंधनांविरुद्ध न्यायालयात गेले. २०२० मध्ये हरले, २०२२ मध्ये अपिलातही हरले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. थांबल्यामुळे काही रुग्णांचं नुकसान होतं, हे अपील न्यायालयानेही नाकारलं नाही. तरीही गरजेनुसार उपचार हे तत्त्व राखण्यासाठी कायदा टिकला. इतकं कठोर होणं मला जमणार नाही. पण एक गोष्ट इथे पुष्कळांच्या नजरेतून सुटते : पैसे देणारा बाहेर पडतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याची तक्रारही बाहेर पडते.

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. रांगेत शाळामास्तर, वकील, पत्रकार, खासदार उभे असतात तोवर रांगेची बातमी होते. सुनक यांना जानेवारी २०२३ मध्ये, तुमचा डॉक्टर खासगी आहे का, हे विचारलं गेलं आणि संसदेत उत्तर द्यावं लागलं, ते म्हणूनच. आपल्याकडे कुठल्या मंत्र्याला, पोटात दुखलं तर जिल्हा रुग्णालयात जाता का, असं कोण विचारतं? माणसाच्या वेदनेपुरता सुनक यांचा 'हो' मी समजू शकते. राज्यकर्त्याच्या तोंडी मात्र मला स्टार्मर यांचा 'नाही'च हवा.

आता घरचं. दिवाळीला येणारे आमचे लोक नाशिक-पुण्यात दात, एमआरआय, गुडघे सगळं उरकून परततात आणि इकडे येऊन सांगतात, "सकाळी गेलो, संध्याकाळी रिपोर्ट हातात! आपल्याकडे वेटिंग नाहीच." वेटिंग आहे. ते कुठे लिहिलेलं नाही एवढंच. "ऊस गेला की गुडघ्याचं बघू." "पोरीचं लगीन होऊ दे, मग पिशवीचं ऑपरेशन." "कांद्याला भाव आला तर डोळ्याचं." ही आपली प्रतीक्षायादी. तिला आठवड्यांची मर्यादा नाही आणि तिच्यावर तारखेचं पत्र येत नाही. काउंटरसमोर रांग दिसत नाही, कारण ज्याला परवडत नाही तो काउंटरपर्यंत आलेलाच नसतो.

सरकारने काहीच केलेलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आहे आणि तिचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू केलं आहे. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, ही उच्च न्यायालयाच्या आदेशाने आलेली योजना २००६ पासून आहे. पण कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे, मंजुरीला किती दिवस लागले, हे विचारायला आवाज लागतो. आणि ज्यांचा आवाज चालतो, अशी आपली माणसं, त्यात माझं कुटुंबही आलं, कधीच खासगीच्या दारात गेली आहेत.

इथे ७७ लाखांचा आकडा गाठला तो सगळ्या देशासमोर, कारण यादी दर महिन्याला छापली जाते. म्हणूनच सरकारला मार्च २०२९ पर्यंत १८ आठवड्यांचा नियम पुन्हा पाळून दाखवण्याची कबुली द्यावी लागली. ती पाळली जाईल की नाही हे पुढचं पुढे, पण जाब विचारायला तारीख आहे.

पुणतांब्याने १ जून २०१७ पासून शेतकऱ्यांचा संप पुकारला, तेव्हा एका गावाच्या ग्रामसभेतून निघालेली गोष्ट मुंबईला ऐकावी लागली होती. कर्ज आणि हमीभाव हे तेव्हाचे विषय होते. आता कोणाचा गुडघा, कोणाचा मोतीबिंदू, कोणाचा हर्निया किती महिन्यांपासून अडून आहे आणि कशासाठी, याची यादी त्याच गावाला करता येईल. आशाताई घरोघर जातातच, गावची आरोग्य समिती कागदावर आहेच. नावं उघड करायची गरज नाही, दुखणं आणि महिने लिहिले तरी पुरे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती यादी वाचून दाखवावी आणि ठरावासह जिल्हा परिषदेकडे पाठवावी.